मागचा डिरेलर: भाच्याच्या एमटीबीच्या दुरुस्तीच्या नोंदी

५ जुलै

भाच्याची सायकल, एमटीबी म्हणजे माउंटन बाइक, आज आमच्या पार्किंगमध्ये येऊन पडली. २७.५ इंची चाकं, पुढे ३ चकत्या, मागे ९ चकत्यांची ११–३४ कॅसेट (सर्वात छोटी ११ दाती, सर्वात मोठी ३४), शिमानोचे शिफ्टर (हँडलवरचे गिअरचे खटके) आणि डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग), डिस्क ब्रेक. कोल्हापुरात सेकंडहँड घेतलेली, पण आधीच्या मालकाने नीट सांभाळलेली दिसते. फ्रेमला तडा नाही, रिम सरळ आहेत. चिखल मात्र हॉस्टेलच्या अख्ख्या आवाराचा आणलाय.

तक्रार त्याच्याच शब्दांत: "मामा, गिअर पडतोय, पण टिकंना झालाय. चढाला लागलं की आपोआप सुटतोय. आणि एकदम हलक्यावर टाकला की मागनं टिंग टिंग वाजतंय."

पहिल्या दोन गोष्टींचं निदान सावकाश झालं तरी चालेल. तिसरीचं चालणार नाही. ३४ दाती चकतीवर चेन असताना टिंग टिंग वाजतं म्हणजे डिरेलरचा पिंजरा, म्हणजे चेन ज्यातून जाते ती पुल्यांची चौकट, स्पोकला लागतोय. हा गिअर माणूस कधी वापरतो? खड्या चढावर, पूर्ण जोर लावून. त्या वेळी पिंजरा स्पोकमध्ये शिरला तर डिरेलर, तो ज्यावर बसतो तो हँगर आणि चार-सहा स्पोक एका दमात जातात, कधीकधी फ्रेमही. म्हणून इतर काही करण्याआधी डिरेलर चाकाकडे किती जाईल ते ठरवणारा एल स्क्रू आत घेतला आणि चेन ३० दातीवरच थांबेल असं केलं. ही दुरुस्ती नव्हे, फक्त अपघात टाळला.

मग चौकशी. बिघाड काय आहे यापेक्षा तो कधीपासून आहे आणि त्यानंतर कोणी कशाला हात लावला, हे मला आधी हवं असतं. उत्तर असं मिळालं: कोल्हापुरात गिअर चोख होते, पन्हाळा चढून आला तरी त्रास नव्हता. जूनमध्ये सायकल ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पुण्याला आली. दुसऱ्या दिवसापासून गिअर गडबडले. हॉस्टेलजवळच्या दुकानात दाखवली, तिथे "सेटिंग गेलंय" असं निदान झालं, वायर बदलली, स्क्रू फिरवले. थोडे दिवस बरं वाटलं, मग आधीपेक्षा वाईट.

"डिकीत कशी ठेवली होती?"

"आडवी. वर बॅगा होत्या लोकांच्या."

"कुठल्या बाजूवर?"

ते त्याला आठवत नाही. मला मात्र अंदाज आहे. मागून वाकून पाहिलं तर पिंजरा चकत्यांना समांतर दिसत नाही, खालचं टोक चाकाकडे झुकलंय. पण चिखलात डोळ्यांवर फार विश्वास ठेवू नये. आधी धुणं.

६ जुलै

धुतली. चेन आणि कॅसेटला डिझेल, जुना टूथब्रश, मग साबणाचं पाणी. मागचं चाक आधी काढून बाजूला ठेवलं आणि ब्रेकच्या कॅलिपरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधली. डिस्कवर किंवा पॅडवर तेलकट थेंब गेला तर ब्रेक कुईकुई करतात आणि धरत नाहीत, मग एका कामाची दोन कामं होतात.

चेन मोजली. १२ पूर्ण कड्या, म्हणजे पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत २४ अंतरं, नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंच, ३०४.८ मिमी भरतात. १/१६ इंच वाढ झाली, म्हणजे पट्टीवर साधारण ३०६.४ दिसले, की चेन बदलायची. १/८ इंचापर्यंत जाऊ दिली तर सहसा कॅसेटही सोबत जाते. ही ३०५.५ च्या आसपास आहे. अजून चालेल. चकत्यांचे दातही अणकुचीदार झालेले नाहीत. थोडक्यात, चढावर गिअर सुटतो तो झिजेमुळे नाही. खर्चाच्या दृष्टीने ही आजची एकमेव चांगली बातमी.

संध्याकाळी सीटपोस्ट जुन्या ट्यूबने पार्किंगमधल्या लोखंडी पाइपला बांधली, मागचं चाक अधांतरी. हाताने पॅडल फिरवत एकेक खटका देऊन पाहिला.

छोट्या चकत्यांकडून मोठ्यांकडे जाताना ११ ते १७ पर्यंत बरं चालतंय. २० पासून पुढे चेन कुरकुरत चढते, अंगठा थोडा जास्त दाबून धरावा लागतो. उलट दिशेने, मोठ्यांकडून छोट्यांकडे येताना, जास्त गंमत आहे. एक खटका दिला तर काहीच होत नाही. दुसरा दिला की चेन एकदम दोन चकत्या खाली पडते.

दिशेतला हा फरक महत्त्वाचा. मोठ्या चकतीकडे डिरेलरला ओढतो आपला अंगठा, वायरमधून. छोट्या चकतीकडे त्याला नेते फक्त त्याची स्वतःची स्प्रिंग. वायर कुठे घासत असेल तर अंगठा ते घर्षण सहज मारून नेतो, स्प्रिंगला ते जमत नाही. म्हणून परतीला उशीर होत असेल तर स्क्रूंना हातच लावायचा नाही, आधी वायर कुठे अडते ते शोधायचं. उलट परतीचा प्रवास झटपट आणि फक्त चढणं आळशी असेल, तर बहुधा वायर सैल आहे आणि तिचा ताण बदलणारा अ‍ॅडजस्टर थोडा बाहेर फिरवला की भागतं. इथे दोन्ही दिशांना तक्रार आहे. म्हणजे दोष एकापेक्षा जास्त असावेत.

८ जुलै

वायर तपासायला ती सोडावी लागत नाही. चेन सर्वात मोठ्या चालू चकतीवर घ्यायची, पॅडल थांबवायचं आणि शिफ्टरला मात्र शेवटपर्यंत खाली खटके द्यायचे. वायर सैल पडते, फ्रेमवरच्या फटीच्या थांब्यांमधून आउटर, म्हणजे वायरवरची नळी, हातानेच सुटतो. मग तो मागेपुढे सरकवून वायरचा एरवी झाकलेला भाग पाहता येतो.

आतली वायर नवी आहे, चकचकीत, गंज नाही. शिफ्टरजवळचा आउटर जुना पण गुळगुळीत. घोटाळा शेवटच्या तुकड्यात, चेनस्टेपासून (क्रँककडून मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची नळी) डिरेलरपर्यंत जाणाऱ्या वळणात. हा तुकडा बाकीच्यांपेक्षा जाड आहे. वर्निअर लावला: ५ मिमी. गिअरचा आउटर ४ मिमीचा असतो.

कापून पाहिलं. आत एकच चपटी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. ब्रेकचा आउटर. गिअरच्या आउटरमध्ये बारीक तारा लांबीला समांतर रांगेने बसवलेल्या असतात, कापलेल्या तोंडाशी ठिपक्यांचं कडं दिसतं. समांतर तारा दाबल्या जात नाहीत, म्हणून खटक्याने जेवढी वायर ओढली तेवढीच डिरेलरपर्यंत पोचते. गुंडाळलेली पट्टी ताणाखाली थोडी दबते, आणि एका गिअरचं ओढणंच मुळात अडीच मिमीच्या आसपास असतं. त्यातलं थोडं जरी आउटरने गिळलं तरी चेन दोन चकत्यांच्या मध्ये रेंगाळते.

याच्या उलट चूक जास्त घातक आहे, ती इथेच लिहून ठेवतो. गिअरचा आउटर ब्रेकला कधीही लावायचा नाही. जोरात ब्रेक दाबल्यावर त्या समांतर तारा आवरण फाडून बाहेर येतात आणि ब्रेक जातो.

दुकानदाराने आउटरच्या टोकांना टोप्याही लावलेल्या नव्हत्या. तोंड तिरकं कापलेलं, आतली प्लॅस्टिकची नळी चेपलेली, वायर तिथेच घासत होती. शिवाय वळण लांब ठेवल्याने खाली लोंबलेल्या भागात पावसाचं पाणी आणि चिखल.

नवा ४ मिमी आउटर आणला. चांगल्या कटरने काटकोनात कापला, तोंड कानशीने सपाट केलं, आतली नळी टाचणीने मोकळी केली, दोन्ही टोकांना टोप्या. लांबी अशी धरली की आउटर डिरेलरमध्ये सरळ शिरेल, ना ओढला जाईल ना खाली झुकेल. केबल कापण्यापेक्षा लांबी ठरवायला जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा.

परत टांगून पाहिलं. परतीचे खटके आता लगेच लागतात. एकेक, सुटसुटीत. मोठ्या चकत्यांकडची कुरकुर मात्र तशीच.

१० जुलै

आज हँगर. हँगर म्हणजे फ्रेम आणि डिरेलर यांच्यामधला तो चपटा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. मार लागला तर फ्रेम वाचावी आणि आपण वाकावं हेच त्याचं काम. डिकीतल्या बॅगांखाली त्याने ते इमानाने केलेलं दिसतंय.

सरळ करायचं खास अवजार माझ्याकडे नाही. पण डिरेलर ज्या आट्यांवर बसतो त्या १० मिमी व्यासाच्या आणि १ मिमी पिचच्या (दोन आट्यांमधलं अंतर), आणि जुन्या क्विक रिलीजच्या, म्हणजे लिव्हरने सुटणाऱ्या, मागच्या चाकाच्या पोकळ एक्सललाही सहसा त्याच आट्या असतात. माळ्यावर असं एक २७.५ इंची चाक पडून होतं. त्यातला क्विक रिलीजचा दांडा काढला, डिरेलर खोलून बाजूला टांगला आणि ते चाक एक्सलसकट हँगरमध्ये हाताने फिरवून बसवलं. क्रँक आधी पुढे फिरवून ठेवावी लागते, नाहीतर ती नव्या चाकाला अडते. आता सायकलला शेजारीशेजारी दोन मागची चाकं. हँगर सरळ असेल तर ती एकमेकांना समांतर हवीत.

वॉचमनकाका येऊन बघून गेले. "साहेब, रिक्षा बनवताय का?"

दोन रिममधलं अंतर मोजलं. वर १२१ मिमी, खाली ११२. पुढे ११८, मागे ११५. म्हणजे खालचं टोक आत, डोळ्यांना ५ तारखेला दिसलं होतं तेच. शिवाय मागची कड किंचित चाकाकडे वळलेली. ४ मिमीच्या आतला फरक चालवून घेता येतो, ९ नाही.

९ मिमी ऐकायला फार वाटतात, पण ते अख्ख्या रिमच्या व्यासावर पसरलेत. कोन जेमतेम एक अंश. डिरेलरची वरची पुली बोल्टपासून पाचेक सेंटिमीटर खाली, तिथे तो अंश पाऊण ते एक मिमी होतो. ९ स्पीडच्या कॅसेटमध्ये एका चकतीपासून दुसरीचं अंतर ४.३५ मिमी. म्हणजे पुली जवळपास एक पंचमांश घर सरकली आणि शिवाय तिरकी झाली. सरकणं अ‍ॅडजस्टरने भरून काढता येतं, तिरकेपण नाही. हॉस्टेलजवळच्या दुकानात "थोडे दिवस बरं वाटलं" ते या भरून काढण्यामुळे.

सरळ करायला वेगळा तरफ लागत नाही, चाकच तरफ. रिमला वरून धरून हळू आत ढकलायचं, सोडून मोजायचं, परत ढकलायचं. अ‍ॅल्युमिनियम थोडं मागे येतं, म्हणून किंचित जास्त न्यावं लागतं, पण हिसका द्यायचा नाही. थकल्यासारखं वाटेपर्यंत ढकल-मोज केल्यावर चारही बाजूंना ११६ ते ११८ मिळालं. आट्या शाबूत.

एकदा वाकून सरळ केलेला हँगर कमजोर होतो, म्हणून नवा मागवायला टाकला. हे वरवर सोपं वाटतं, प्रत्यक्षात डोकेदुखी आहे. दर कंपनीचा, कधीकधी दर मॉडेलचा आकार वेगळा. नाव सांगून मागवण्यापेक्षा हँगर काढून कागदावर ठेवला, पेन्सिलने कडेकडेने आखला, भोकांमधलं अंतर मोजलं आणि त्या चित्राचा फोटो पाठवला. या गोंधळावर उपाय म्हणून स्रॅमने २०१९ मध्ये त्याच्यासाठी बनवलेल्या कुठल्याही कंपनीच्या फ्रेमला चालेल असा एकच हँगर काढला आणि बऱ्याच नव्या माउंटन बाइकवर तो असतो. या सायकलच्या फ्रेमला तो बसत नाही.

१२ जुलै

डिरेलर परत बसवला, बोल्ट ८ ते १० न्यूटन-मीटर. मागचं चाक खाचेत पूर्ण खाली बसलंय याची खात्री केली. चाक तिरकं बसलं तर आत्तापर्यंतची सगळी मेहनत पाण्यात.

मग सेटिंग पहिल्यापासून, वायर सोडून. एच स्क्रू असा की वरची पुली ११ दातीच्या बरोबर खाली यावी. एल स्क्रू डिरेलर हाताने आत ढकलून ठरवला, पुली ३४ च्या खाली, त्याच्या पलीकडे अजिबात नाही. तो दुकानात बराच बाहेर काढलेला होता. कारण उघड आहे: चेन ३४ वर चढत नव्हती म्हणून डिरेलरला आत जायची जागा करून दिली. हँगर आधीच आत झुकलेला, त्यात ही मोकळीक, म्हणून स्पोकची टिंग टिंग. हे दोन स्क्रू फक्त दोन टोकांच्या भिंती आहेत. मधल्या ७ गिअरशी त्यांचा काही संबंध नाही आणि ते आपोआप फिरतही नाहीत. "सेटिंग गेलंय" या निदानावर माझा राग आहे तो यासाठी.

बी स्क्रूने वरची पुली आणि ३४ दाती यांच्यात ५-६ मिमी ठेवले. वायर ताणून बांधली, अ‍ॅडजस्टरने २० दातीवर आवाज बंद होईपर्यंत जुळवलं.

२० वर उत्तम. १७ आणि २३ वरही. पण ३० आणि ३४ वर चेन शेजारच्या छोट्या चकतीला घासते, म्हणजे डिरेलर आत कमी जातो. आणि १३, ११ कडे चेन शेजारच्या मोठ्या चकतीला घासते, म्हणजे बाहेरही कमी जातो. मोठ्यांसाठी वायर ताणली की छोट्यांचं बिघडतं, छोट्यांसाठी सैल केली की मोठ्यांचं. पाय झाकले तर डोकं उघडं, डोकं झाकलं तर पाय.

आज इथेच थांबलो. मध्य बरोबर आणि दोन्ही टोकं आखूड, हा नमुना ताणाचा नव्हे. ताणाचा दोष सगळ्या चकत्यांवर सारखाच दिसतो.

१३ जुलै

रात्री डोक्यात हिशेब चालू होता. ८ खटक्यांत पुलीने एकूण ८ × ४.३५, म्हणजे ३४.८ मिमी जायला हवं. दर खटक्याला ५ टक्के जरी कमी गेली तरी शेवटी १.७ मिमीची तूट. मध्यावर जुळवलं तर ती दोन टोकांना वाटली जाते, प्रत्येकी पाऊण मिमीच्या वर. काल दिसलं ते हेच.

खटक्यामागे प्रवास कमी का होईल? पहिलं कारण, शिफ्टर आणि डिरेलरची जोडी जुळत नाही. १९८४ मध्ये शिमानोने ड्युरा-एस या आपल्या रेसिंगच्या संचावर खटक्याचे गिअर आणले, त्याआधी गिअर कानाने जुळवायची रीत होती आणि कुठलाही लिव्हर कुठल्याही डिरेलरला चालायचा. खटके आल्यावर किती वायर ओढायची हे शिफ्टरमध्ये पक्कं झालं. शिमानोच्या ९ स्पीडला वायरच्या १ मिमीमागे डिरेलर साधारण १.७ मिमी सरकतो, त्यांच्याच १० स्पीड माउंटन बाइकच्या डिरेलरला हे प्रमाण १.२ च्या आसपास. या दोघांची सरमिसळ केली तर कितीही जुळवा, जमत नाही. पण इथे दोन्ही भागांवरचे नंबर पाहिले, दोन्ही ९ स्पीडचे. शिवाय तूट एवढी मोठी नाही.

दुसरं कारण, वायर डिरेलरला बांधली आहे ती जागा. तिथे बोल्टखाली एक खाच असते, वायर त्या खाचेतच बसली पाहिजे. डिरेलर हा शेवटी एक तरफ आहे. वायर बोल्टच्या दुसऱ्या बाजूने नेली की सांध्यापासून तिचं अंतर बदलतं, तरफेचा हात लांब होतो आणि तेवढ्याच ओढण्यात डिरेलर कमी हलतो.

सकाळी टॉर्च घेऊन पाहिलं. वायर बोल्टच्या बाहेरच्या अंगाने गेलेली, खाच रिकामी, त्यात सुकलेला चिखल. जुनी वायर वर्षानुवर्षं खाचेत बसल्याची चमकदार रेघही तिथेच आहे. काल बांधताना वायर दुकानात पाडलेल्या दबक्या ठशावरच परत बसली होती. ठसा होता तिथून वायर कापली, टोक उरलं तेवढं पुरलं, खाचेत बसवून ६-७ न्यूटन-मीटरने आवळली.

नऊच्या नऊ चकत्या. वर, खाली, दोन-दोन खटके एकदम. कुठेही कुरकुर नाही. अ‍ॅडजस्टरला जेमतेम पाव फेरा.

मूळ बिघाड एकच होता, वाकलेला हँगर. ब्रेकचा आउटर, चुकीच्या बाजूने आवळलेली वायर आणि बाहेर काढलेला एल स्क्रू हे तिन्ही दुरुस्तीतून आले.

१९ जुलै

टांगलेल्या सायकलवर सगळे गिअर शहाणे असतात. खरी परीक्षा पाठीवर माणूस आणि समोर चढ असताना. भाच्याला घेऊन पुण्यातल्या एआरएआय टेकडीच्या चढावर गेलो, तो सायकलवर, मी स्कूटरवर मागे. पाऊस होताच.

त्याला एवढंच सांगितलं: खटका देताना क्षणभर पायाचा जोर कमी कर, पॅडल थांबवू मात्र नकोस. नऊ चकत्यांच्या चेनला पूर्ण जोरात बदलायला लावणं हा अत्याचार आहे. त्याने पहिल्या वळणावरच तो केला. चेन खाड् करून बसली, पण बसली, सुटली नाही.

३४ वर टिंग टिंग नाही. वरपर्यंत एकदाही गिअर आपोआप उतरला नाही. परतताना ३० वरून २६ वर यायला एकदा किंचित उशीर झाला. नवा आउटर टोप्यांमध्ये बसायला थोडं अंतर खातोच, अ‍ॅडजस्टर पाव फेरा फिरवून प्रश्न संपला.

"मामा, दुकानात सातशे घेतले होते," खाली आल्यावर तो म्हणाला. मी काही बोललो नाही. त्याच्या आईला फोनवर मात्र बोललो.

२७ जुलै

हँगर आला. आखलेल्या कागदावर ठेवला, कड कडेला जुळली, भोकंही. जुना काढताना दिसलं की फ्रेम आणि हँगरच्या मध्ये माती अडकलेली होती, ती पुसून सपाट पृष्ठभाग मिळेपर्यंत घासली. तिथे वाळूचा एक कण राहिला तरी नवा हँगर तिरका बसतो. स्क्रूंना थोडा थ्रेडलॉकर, म्हणजे आट्या सैल होऊ न देणारा गोंद.

माळ्यावरचं चाक परत लावून मोजलं. नवा कोरा हँगरसुद्धा नेहमी सरळ येतो असं नाही, याला वरखाली ३ मिमी फरक आहे. चालेल, छेडत नाही. डिरेलर लावल्यावर एच आणि एल दोन्ही जरासे हलवावे लागले, बाकी तसंच.

जुना, सरळ केलेला हँगर त्याच्या स्क्रूंसकट सीटखालच्या पिशवीत टाकला, ४ आणि ५ नंबरच्या अ‍ॅलन कीसोबत. आता सायकल बसमधून न्यायची असेल तर डिरेलर खोलून चिंधीत गुंडाळायचा आणि चेनस्टेला बांधायचा, हे त्याच्याकडून समोर बसवून करून घेतलं. पहिल्यांदा त्याने बोल्ट आडवा घातला, वेळीच थांबवला. परत बसवताना आधी उलटा फिरवून आटी जुळल्याचा टक् लागू द्यायचा आणि मगच आवळायचं, हे आता त्याला येतं.

पुढचा डिरेलर मोठ्या चकतीवर घासतोय. त्याचा पिंजराही कोणीतरी पकडीने दाबलेला दिसतो. पुढच्या रविवारी.